आज लागतंय तेवढंच

आमच्या स्टोअरवाल्या काकांच्या हातून एका वेळी दोन बेअरिंग सुटली, असं सांगणारा माणूस अख्ख्या अंबड एमआयडीसीत सापडायचा नाही. आमच्याकडे कांदा निवडायच्या मशीन बनतात, त्याही गिऱ्हाईक सांगेल तशा. कुणाला पट्टा लांब हवा, कुणाला खाली चाकं हवीत, सटाण्याच्या एका व्यापाऱ्याला तर मशीन त्याच्या गाडीच्याच रंगाची हवी होती. वरून एक मशीन दुसरीसारखी नसते, पण पोटात सगळ्यांच्या तीच बेअरिंग आणि त्याच चेन. त्यामुळे ज्याची ऑर्डर, त्याचा डोळा त्याच रॅकवर. रॅकपुढे जाळीची खिडकी, आणि खिडकीत चष्मा कपाळावर चढवून बसलेले काका. काही मागितलं की माणूस आपली किडनीच मागतोय असा त्यांचा चेहरा व्हायचा.

"कोणत्या ऑर्डरला?" हाच त्यांचा नमस्कार. मशीनला आठ बेअरिंग लागतात म्हणावं, तर म्हणायचे, "ताई, आठही आजच बसवणार का? आज लागतंय तेवढंच न्या." मग एक बेअरिंग कागदात गुंडाळेपर्यंत माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी, माझ्या लेकीच्या दहावीची काळजी आणि कुठल्याशा लग्नात मठ्ठा किती पातळ होता त्याचं वर्णन. दुसऱ्या बेअरिंगला पुन्हा तीच फेरी, फक्त मठ्ठ्याच्या जागी जिलबी. माझा तर जीव मेटाकुटीला यायचा.

अर्थात आम्ही जोडणीतले लोकही काही साधुसंत नव्हतो. खिडकीतून एकेक करून मिळेल ते आधीच मागून आणायचं, आपल्या ऑर्डरची चिठ्ठी बांधायची आणि टेबलाखाली दडवायचं, ही आमची जुनी रीत. सटाण्याच्या मशीनची बेअरिंग मी अशीच दडवली होती. तिकडे सायखेड्याच्या शेतकऱ्याची मशीन त्याच बेअरिंगवाचून अडलेली, आणि तो बिचारा सकाळपासून खिडकीशी उभा. काका कधी नव्हे ते खिडकी सोडून बाहेर आले, थेट माझ्या टेबलाखाली वाकले आणि चिठ्ठी सोडून बेअरिंग घेऊन चालते झाले. मी तावातावाने भांडले. ते शांतपणे म्हणाले, "सटाण्याचा अजून रंग ठरेना, अन् ह्यांचा कांदा खळ्यात पडलाय. बेअरिंगला कुठं माहीत ते कुणाचं?"

मशीन चालू झाल्यावर तो शेतकरी कांद्याची गोणी घेऊन आला. "काका, लय उपकार झाले," म्हणून ती खिडकीशी ठेवून गेला. काकांनी ती सगळ्यांना वाटली. पण कशी? प्रत्येकाला एका भाजीपुरते कांदे. "उद्याचे उद्या न्या." कांद्यासाठी आम्ही रोज खिडकीशी रांग लावत होतो. चिक्कूपणाचीही काही हद्द असते, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले.

मग एकदा ते तापाने घरी होते म्हणून मी सिडकोत त्यांच्याकडे गेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळूरला. दोन खोल्यांत काका एकटे. त्यांनी चहा केला आणि बशीत एक बिस्कीट आणलं. ते संपलं तसे अंगात ताप असताना उठून आत गेले आणि दुसरं आणलं. मग तिसरं. म्हटलं, "काका, डबाच आणा ना इकडे." ते हसले, "डबा ठेवला की माणसं भराभर खाऊन निघतात हो." मी आणखी एक मागितलं.

यंदा नवीन प्लॅनिंगवाले साहेब आले. त्यांनी बेअरिंग, चेन, नट-बोल्ट असं सगळ्या मशीनना लागणारं सामान खिडकीतून काढून आमच्या टेबलांशेजारी उघड्या पेट्यांत भरून ठेवलं. पुढची पेटी संपली की मागची ओढायची, रिकामी भरून आणायला माणूस येतो. खरं सांगते, पद्धत झकास आहे. कुणाची मशीन अडत नाही, कुणी चिठ्ठ्या बांधत नाही, कुणी भांडत नाही. खिडकीशीही कुणी जात नाही. काका तिथे तसेच बसलेले असतात, समोर काही किरकोळ सामान. जेवणाच्या सुट्टीत येता-जाता आम्ही हात करतो, तेही हात करतात.

परवा मला राहवेना. शेजारची पेटी काठोकाठ भरलेली होती, तरी उठून खिडकीशी गेले. "काका, बेअरिंग हवी होती."

त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. तिथून पेटी स्वच्छ दिसते. मग कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"कोणत्या ऑर्डरला?"

"लासलगावच्या. आठ लागतील."

ते मागे गेले, बराच वेळ शोधत राहिले आणि कुठल्याशा कोपऱ्यात राहून गेलेलं एक बेअरिंग घेऊन आले. ते कागदात गुंडाळता गुंडाळता आईच्या गुडघ्याचं विचारलं. मीही सगळं सविस्तर सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते, तेल कुठलं लावतो ते. पुडी पुढे सरकवून ते म्हणाले, "आज लागतंय तेवढंच न्या. बाकीची उद्या."

मी वळले तर मागून त्यांनी हळूच विचारलं, "याल ना?"