रंभाआक्काच्या गोळ्या

रंभा माझी थोरली बहीण. आम्ही मांडवगण फराट्याचे. तिच्या हातापायांवर कोडाचे पांढरे चट्टे होते, म्हणून तिचं लग्न झालं नाही आणि ती घरात होती म्हणून माझंही जमेना. दोष तिचा नव्हता, तरी मी तिच्यावरच दात धरला. हे आधीच सांगून टाकतो.

चौऱ्याहत्तर साली दौंडच्या एका डॉक्टरांनी तिला कातडीला रंग आणणाऱ्या गोळ्या दिल्या. दिवसाआड एक गोळी, दोन तासांनी चट्ट्यांवर पाच मिनिटं कोवळं ऊन, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मग दिवसभर सावली. दिवसभर सावली! जिचा जन्म कांदे खुरपण्यात गेला तिला! आई म्हणाली, "उनाला कुनी मोजतं व्हय?" चष्मा मी विकत आणला आणि मीच घालून गावभर मिरवला.

तरी दोन महिन्यांत चट्ट्यांमध्ये तिळाएवढे काळे ठिपके दिसायला लागले. आक्का हरखून गेली, रोज मला हात दाखवायची. तेवढ्यात शिक्रापूरच्या सोपानरावांचा निरोप आला. त्यांना मुलगी द्यायची होती, आठ दिवसांनी घर बघायला येणार होते.

"आक्के, आता रोज तीन गोळ्या खा."

"डाक्टर एकच म्हनलं हुतं."

"डाक्टरला माझं लगीन करायचंय का?"

तिनं ऐकलं. सकाळी तीन गोळ्या गिळायची आणि दिवस मावळेपर्यंत कांद्यात राबायची. चौथ्या दिवशी हातापायांवर फोड टरारले, कातडी सोलून निघाली, तोंड सुजून डोळे मिटले. बैलगाडीत घालून तिला दौंडला नेलं.

"इतक्या गोळ्या खायला कोणी सांगितलं?" डॉक्टर कडाडले. मी खाटेशीच उभा होतो.

"कुनी न्हाई," आक्का म्हणाली. "म्याच खाल्ल्या."

"अडाणी बाई!" डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले. मी मॅट्रिक झालेला, मी मान डोलावली. आजही लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

सोपानराव आले तेव्हा ती दवाखान्यातच होती. घर बघून झालं, चहा आला. त्यांनी सहज विचारलं, "तुमाला एक थोरली बहीन हाय म्हनं?"

"वारली," मी म्हणालो.

आईच्या हातात बशी होती. तिनं ती त्यांच्यापुढं सरकवली.