लिआंगकाकांची शांघायची रजा

कारपूल करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. साठणारच! फ्रीमाँटहून सॅन होजेला रोज जायचं, रोज यायचं, आणि फ्रीवेवर तासन् तास समोरच्या गाडीचे लाल दिवे बघत बसायचं. रेडिओ ऐकून ऐकून माणूस विटतो आणि मग बोलायला लागतो. नव्वदीतली चार-पाच वर्षं मी अशी काढली. दमले होते मी त्या काळात, खोटं कशाला सांगू. पण ऑफिसमधलं काही आठवत नाही, गाडीतलं सगळं आठवतं.

गाडीत आम्ही तिघं. गाडी म्हस्केची. हा मूळचा नाशिकचा, तोंडाचा पट्टा कायम चालू. मी नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारी. आणि मागच्या सीटवर मिस्टर लिआंग, वय साठीच्या पुढे, ऑफिसमधले सगळ्यात जुने इंजिनियर. त्यांना आम्ही पहिल्याच आठवड्यात लिआंगकाका करून टाकलं. काका म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर म्हणाले, "चालेल. पण मग गाडीभाड्यात सिनियर सिटिझन डिस्काउंट द्या."

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं. मी आपलं मराठीत सांगतेय.

* * *

म्हस्केच्या डॅशबोर्डवर मी एक छोटी बुद्धमूर्ती चिकटवली होती. काकांनी ती बरेच दिवस निरखली आणि एका सकाळी विचारलं, "वंदना, तुमचा बुद्ध इतका बारीक का? जेवत नाही का?"

मी म्हटलं, "तुमचा इतका ढेरपोट्या का? तुमच्या रेस्टॉरंटमध्ये काउंटरवर बसून हसत असतो तो!"

म्हस्के म्हणाला, "भांडू नका यार! एकाला जिमला पाठवा, दुसऱ्याला बुफेला न्या!"

हसणं ओसरल्यावर मी काकांना सांगितलं की माझ्या वडिलांनी नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, आमच्या घरात बुद्ध आला तो तेव्हा. काका म्हणाले, "तुम्ही घरात आणलात, आणि पुढे दहाएक वर्षांत तिकडे घरोघरच्या मूर्ती फोडायला लागले, तेव्हा माझ्या ताईने आईची बुद्धमूर्ती तांदळाच्या पिंपात लपवली." तेवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले.

* * *

या ताईबद्दल सांगायलाच हवं. काका चौदा वर्षांचे असताना कम्युनिस्ट येणार म्हणून वडिलांबरोबर शांघाय सोडून निघाले. ताई मोठी, ती आजारी आजीपाशी राहिली. "दोन महिन्यांत येतो," असं सांगून निघालेले काका तैवानला गेले, तिथून अमेरिकेला. मध्ये सत्तेचाळीस वर्षं गेली! आधी जाता येत नव्हतं, मग जाता यायला लागलं तेव्हा बायको आजारी, मग मुलांच्या फिया, मग नोकरी बदलली. आम्हा परदेशात राहणाऱ्यांना ही यादी तोंडपाठ असते. माझीही होती. सहा वर्षं मी नागपूरला गेले नव्हते.

ताईची पत्रं मात्र यायची. ती काका गाडीत वाचून दाखवायचे. त्या वर्षी प्रत्येक पत्रात एकच मजकूर. गल्ली पाडणार आहेत, सगळ्यांना लांब नवीन फ्लॅट देतायत, लिफ्टवाला. शेजारी गेले. मी जात नाही. तू आलास तर मला कुठे शोधशील?

म्हस्के म्हणाला, "काका, सोपं आहे की! नवीन पत्ता कळवायला सांगा!"

"सांगितलं ना. तिचं उत्तर आलंय. पत्ता पोस्टमनला लागतो, तुला घर माहीत आहे."

"मग फोन?"

"फोन नाही तिच्याकडे."

"निदान तुमचा एखादा फोटो तरी पाठवलाय का?"

"छे! तिच्या डोक्यात चौदा वर्षांचा भाऊ आहे. तिला हे टक्कल कशाला दाखवू?"

* * *

काकांनी प्रिंटरच्या लांबलचक कागदावर त्या गल्लीचा नकाशा काढला होता. एकतीस घरं, पाण्याचा नळ, कोळशाचं दुकान, कोणाच्या दारात कुत्रं चावायचं तेसुद्धा. एका रविवारी संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा नकाशा बरोबर होता. जेवणं राहिली बाजूला, तो आमच्या कार्पेटवर पसरला.

माझी मुलगी अमेरिकेत जन्मलेली, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. तिने वाकून नीट बघितलं आणि म्हणाली, "बट व्हेअर डू दे पार्क?"

काका इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. पुढे सोमवारभर गाडीत तेच तेच म्हणत होते, "बरोबर आहे तिचं. पार्किंग नाही म्हणूनच पाडतायत!"

* * *

मार्चमध्ये काका रजा मागायला मॅनेजरकडे गेले. मॅनेजर तिशीचा, काकांच्या मुलापेक्षाही लहान. त्याने विचारलं, "शेवटचं कधी गेला होतात?"

"सत्तेचाळीस वर्षांपूर्वी."

मॅनेजरने कॅलेंडर बघितलं आणि म्हणाला, "मग हे सॉफ्टवेअर रिलीज झाल्यावर गेलात तर चालणार नाही का?"

आणि काका हो म्हणून आले! मी गाडीत इतकी भडकले ना! म्हटलं, "काका, तुम्हाला काही वाटतं का? आपलं रिलीज कधी वेळेवर झालंय? बग तर मीच शोधते, मला माहीत आहे किती बाकी आहेत ते!"

"सहाच आठवडे तर आहेत, वंदना. सत्तेचाळीस वर्षांत सहा आठवडे काय!"

रिलीज एप्रिलचं जूनला गेलं, जूनचं सप्टेंबरला. दर वेळी काका म्हणायचे, "एवढं झालं की निघतो." मी आपली इमानेइतबारे बग शोधत होते आणि प्रत्येक बग लिहिताना जिवावर येत होतं. दोन सोडून दिले, कुणाला सांगू नका. तरी उपयोग झाला नाही. ऑगस्टपासून ताईची पत्रं यायची थांबली. काकांनी येण्याची तारीख कळवली, त्याचंही उत्तर आलं नाही.

* * *

शेवटी ऑक्टोबरात गेले आणि तीन आठवड्यांनी परत आले. सोमवारी सकाळी गाडीत बसले, सीटबेल्ट लावला आणि म्हणाले, "टॅक्सीवाल्याला गल्लीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, आजोबा, हे नाव मी पहिल्यांदाच ऐकतोय."

"मग?"

"मग ऑफिस आलं," काका म्हणाले. आणि खरंच आलं होतं. त्या दिवशी मेला ट्रॅफिकच नव्हता!

मंगळवारी पुढचं कळलं. हॉटेलातल्या मुलीशी ते चिनीत बोलत होते, ती इंग्रजीत उत्तरं देत होती. शहराचा नकाशा मागितला तर तिने दिला, आणि वर अगदी अदबीने म्हणाली, "यावर फार विसंबू नका सर, जुना झालाय. गेल्या वर्षीचा आहे."

काकांच्या खिशात कार्पेटवरचा तो कागद होता. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही.

बुधवारी नदीपलीकडची गोष्ट. लहानपणी पलीकडे शेतं असायची, तिथे आता पन्नासेक मजल्यांच्या इमारती आणि जिकडे बघावं तिकडे क्रेन. म्हस्के म्हणाला, "आमच्या कोथरूडचंही तस्संच झालंय हो काका! माझी मावशी आहे ना तिथे. गेल्या खेपेला तिचं घर सापडेना मला!"

"मग सापडलं शेवटी?"

"हो, मावशी गॅलरीत उभी होती ना."

मी म्हस्केला कोपर मारलं. ताईचं काय झालं हे विचारायची आमची दोघांचीही हिंमत होत नव्हती. गुरुवारी गाडीत नुसता रेडिओ लावला.

* * *

शुक्रवारी पुढे कुठेतरी ट्रक उलटला होता. सगळ्या लेन बंद. म्हस्केने इंजिन बंद केलं. मागून काका आपणहून बोलायला लागले.

"चौथ्या दिवशी सापडली जागा. एक जुनं चर्च तेवढं राहिलंय, त्यावरून अंदाज काढला. गल्ली नाही, काही नाही. सपाट. विटांचे ढीग, आणि पलीकडे नवीन रस्त्याचं काम चालू. पोस्टमन तरी पत्र कुठे टाकणार? आमचं घर असायला हवं होतं तिथे एक म्हातारी छोट्या स्टुलावर बसली होती. शेजारी थर्मास, डोक्यावर छत्री. मी जवळ गेलो. विचारलं, इथे गल्ली होती ना? म्हणाली, होती. सगळे गेले. मलाही फ्लॅट दिलाय, लांब आहे. दोन बस बदलून येते रोज."

"रोज?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. रोज कशाला येता? तर म्हणाली, माझा भाऊ यायचाय. त्याला दुसरं घर माहीत नाही."

म्हस्के पुढे बघत होता. मी मागे वळून बसले होते.

"मी तिच्यासमोर उभा. ती माझ्याकडे बघत होती, मग मान वाकडी करून माझ्या मागे बघायला लागली. आणि म्हणाली, जरा बाजूला होता का? रस्ता दिसत नाहीये मला."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. पुढची गाडी हलली होती. म्हस्केने गाडी सुरू केली नाही.

"मग?" मी विचारलं. "मग तुम्ही काय केलंत काका?"

"झालो बाजूला," काका म्हणाले.