दुसऱ्या बॅटरीचं कव्हर

इलेक्ट्रिक मोटारसायकल घेताना दुकानदाराने विचारलं, "ताई, एक बॅटरी की दोन?" मी घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. लालबागहून ठाकूरद्वारपर्यंतची सकाळची फेरी एका बॅटरीत होते, दुपारची होत नाही. दोन घेतल्या. एक गाडीत, एक घरी चार्जिंगला.

चाळीतली खोली मात्र मी विचारात घेतलीच नव्हती. तिसरा मजला, एकच दार आणि मोठा प्लग नेमका दाराशी. म्हणजे दाराच्या आत बॅटरी आणि तिच्या पलीकडे खाटेवर, गुडघे गेलेल्या सासूबाई. घरात आम्ही दोघीच. मी बाहेर पडले की त्या आणि बॅटरी.

पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी जिना चढून गॅलरीत आले तर तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. दार ढकललं. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर फुलाफुलांचं, झालरवालं कव्हर. आमच्याकडे मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, शिलाई मशीनला आहे. सासूबाईंनी सकाळी बसून बॅटरीलाही शिवलं होतं, चारी बाजूंनी घट्ट.

"उघडी कित्याक ठेवतंस गो? धूळ बसता," त्या म्हणाल्या.

मी बटण बंद केलं, कव्हर ओढून काढलं. तळहात टेकवला आणि झटकन उचलला. धूर नव्हता. पण निघाला तर तो दारातच निघेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"आई, उठा. बाहेर चला."

"च्या पितंय आणि मगे..."

"आत्ता!"

काखेत हात घालून मी त्यांना उठवलं. बॅटरी आणि भिंत यांच्यात वीतभर जागा. त्या एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, मग दुसरं. त्यांचं पातळ बॅटरीला घासलं. रोज लोकांच्या शिरेत अलगद सुई घालणाऱ्या माझ्या हाताने त्यांचा दंड घट्ट आवळला होता. त्यांना ते कळलं असावं. चहाचं नाव पुन्हा काढलं नाही.

टोकाच्या खोलीतल्या काकूंनी खुर्ची दिली. "काय गं, बॉम्ब ठेवलास की काय घरात?" म्हणून हसल्या, मग माझं तोंड बघून आत जाऊन आपला गॅस बंद करून आल्या.

तासभर मी गॅलरीतून उघड्या दारातून बॅटरीकडे बघत राहिले. ती निवली. बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात परत केली. "बॅटरीत काही दोष नाही, ताई. फक्त झाकू नका," दुकानदार म्हणाला. दोष नाही हे मलाही ठाऊक होतं. पण दोष निघाला असता तर सासूबाईंना पळता आलं नसतं.

दुपारची फेरी सोडली. वायरमनकडून प्लग मोरीकडे हलवून घेतला, खाट दाराशी आणली. आता एकच बॅटरी, आणि ती मी घरात असतानाच चार्ज होते. तरी दर थोड्या वेळाने मी तिच्यावर हात ठेवून बघते.

"तापली काय गो?" सासूबाई दाराशी बसून विचारतात.

"नाही."

"परत बघ."

मी परत बघते.