घाण निघून राह्यली

पेपर पॉइंट बाहेर काढला. पेपर पॉइंट म्हणजे दाताच्या मुळातली नळी टिपून कोरडी करायची कागदी काडी. ती पांढरी यायला हवी होती. टोक तपकिरी आलं.

"बघा, कशी घाण निघून राह्यली!" सर खूश. घनसावंगीतलं क्लिनिक त्यांचं. मी रूट कॅनॉलपुरती जालन्याहून येणारी.

खुर्चीत कुंभार पिंपळगावचे विष्णुभाऊ. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. समोरचा दात, सरांनी एकदा भरलेला, पुन्हा पू झालेला. आता बिघडला तर काढायचाच. तोंडावर रबराचा पडदा ताणण्याआधी ते म्हणाले होते, "मॅडम, हा दात गेला तं वाजवणं गेलं बघा."

मी सीलर, म्हणजे नळीत भरायची पेस्ट, कालवत होते, तेवढ्यात सरांनी हौसेनं नळीची शेवटची धुलाई उरकली होती.

"सर, काय मारलंत?"

"क्लोरहेक्सिडिन. जंतू बिलकुल राहत न्हाई."

"आत माझं हायपो होतं!"

"मंग?"

मंग काय! हायपो काय, क्लोरहेक्सिडिन काय, जंतू मारणारी दोन्ही औषधं गुणाची. पण मध्ये सलाइननं धुतलं नाही, तर एकत्र येऊन तपकिरी गाळ करतात. घाण निघत नव्हती, आपणच घातली होती. दाताच्या आतल्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. सीलर त्यांत शिरलं तर पक्कं बसतं. तोंडंच बुजली तर शिरणार कुठून? धूळ न झाडता भिंतीला गिलावा केल्यासारखं.

"भरून टाका हो, बाहेर पेशंट खोळंबलेत," सर म्हणाले.

विष्णुभाऊंची बायको दारातून म्हणाली, "मॅडम, गावाकडची जीप भरून राह्यली. जल्दी करा ना."

"भरणार नाही." माझा आवाज चढलाच. कालवलेलं सीलर पुसून टाकलं. पुन्हा फाइल, नळी खरवडायची बारीक सुई, फिरवली. सलाइन. मग ईडीटीए, ते भिंतीवरचा लेप विरघळवून छिद्रं उघडतं. परत सलाइन. काडी तपकिरीच. परत सगळं. जरा फिकट. विष्णुभाऊंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. शेवटी काडी पांढरी आली, तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं.

जीप गेली, दात राहिला. पुढची लग्नसराई त्यांनी वाजवून काढली.

त्या दिवशी एक्स-रे पाहून सर म्हणाले होते, "काय सुंदर भरलंय!" खरंच होतं. पण गाळावर भरलं असतं, तरी एक्स-रे इतकाच सुंदर आला असता. छिद्रांत सीलर शिरलं की नाही, ते त्यात दिसत नाही. दात पुन्हा ठणकला की कळतं.

तेव्हापासून शेवटच्या धुलाईची सिरिंज मी कुणाच्या हाती देत नाही. सरांना राग येतो. येऊ दे.