देशमुखीणबाई पळाल्या नव्हत्या

जऊळका स्टेशनावर सकाळी उतरलो आणि शेलूबाजारपर्यंत किसनची दमणी (बैलांची हलकी गाडी) ठरवली. सत्तरीनंतर असले हिसके मानवत नाहीत. पण अमीनाबी हयात आहे असे कळल्यावर घरी बसणे शक्य नव्हते.

दुतर्फा कपाशी फुटली होती. एका गावाच्या शिवेवर (त्याचे नाव लिहीत नाही) विहिरीशेजारी छातीएवढा दगडांचा ढीग दिसला. किसनने बैल थांबवून माझ्या हातात खडा दिला.

"मारा बाबाजी. येनारा-जानारा मारतेच."

"कोणाला?"

"देशमुखीनले! घोडेवाल्या इस्माइलसंग पळाली, अन् याच हिरीत बुडून मेली. कोन्या मुलखातले तुमी?"

मी खडा खाली टाकला. ती गोष्ट माझ्याच हातची होती. बाई दत्तकाला संमती देईनात, म्हणून देशमुखांनी त्यांना नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढले. मी त्यांचा कारकून. 'बाईंना माहेरी पोचव,' असे इस्माइलला मीच सांगितले. आणि दुसऱ्या दिवशी देशमुखांच्या हुकमावरून, दोघे पळाल्याची पत्रे गावोगावच्या पाटलांना मीच लिहिली. बाई पैनगंगेपलीकडे माहेरी बारा वर्षे जगल्या, तापाने गेल्या. इस्माइल जिवाच्या भीतीने निजामाच्या मुलखात गेला, तो परतलाच नाही.

हे सारे किसनला सांगितले. ऐकून त्याने बैल हाकले.

शेलूबाजारला बाजाराचा दिवस होता. इस्माइलची बायको अमीनाबी दारात बांगड्या मांडून बसली होती. मी हात जोडून सांगू लागलो. तिने मध्येच थांबवले.

"मले ठाव हाये. माहा मानूस सांगून गेलता. पन माह्यं कोन ऐकते?" तिने भाकर आणि अंबाडीची भाजी पुढे ठेवली. "जेवा, अन् मंग बाजारात सांगा. मले कायले सांगता?"

जेवलो. मग धान्यवाल्याच्या ओट्यावर चढून सगळे सांगितले, माझ्या नावासकट.

"आता मसनात जाच्या वक्ती आठोलं काय, बुढ्या?" एकजण ओरडला. लोक हसले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

परतताना स्टेशनावर किसन उतारूंना मोठ्याने सांगत होता, "देशमुखीन पळाली नोती! इस्माइलही सच्चा मानूस. या बुढ्यानं खोटं लेहलं, हाच थो कारकून!"

माणसे वळून बघू लागली. गाडीला अजून अवकाश होता. मी त्यांच्यासमोरच बाकावर बसलो. किसनच्या सांगण्यात एक अक्षर खोटे नव्हते.