दिलावरचा पुकारा

आमच्या वाशीमच्या कचेरीत दिलावर पुकारा करायचा. साक्षीदाराचं नाव तीनदा ओरडायचं, माणूस आला तर आत सोडायचा, नाही आला तर साहेबापुढे जाऊन "गैरहजर" म्हणायचं, एवढंच त्याचं काम. पण आवाज असा, की त्यानं कचेरीतून हाक मारली तर बाजारात माझ्या कापडाच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून हातातलं ठाण खाली ठेवायचं. मी म्हणायचो, "दिलावरभाई, जरा दमानं. माहं गिऱ्हाईक पळून राह्यलं." तो म्हणे, "शेठ, सरकार मले आवाजाचाच पगार देते. तुमी गिऱ्हाईक बांधून ठेवा."

घरी मात्र हा माणूस अगदी मवाळ. बायकोचं नाव त्यानं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तेव्हा आमच्याकडे कुणीच घेत नसे, त्यात नवल नाही. पण गावभराची नावं चव्हाट्यावर आणणारा हा गडी स्वतःच्या बायकोला "शाहजादीची माय" म्हणे, याची आम्ही फार थट्टा करायचो. शाहजादी त्यांची लेक, मानोऱ्याला दिलेली. बायकोचं नाव ताजबी. ती वाशीमची दाई, आसपासच्या गावांतही तिला नेत. माझी दोन्ही पोरं तिच्याच हातची.

पुकारा तीनदा का, असं सरकारला विचाराल तर ते कायदा दाखवतील. आमची रीत त्याहून जुनी. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी मरीमाय गावात शिरली की माणसाला नावानं हाक मारते, आणि ओ दिली की माणूस गेला. पण तिसऱ्यांदा ती हाक मारत नाही. म्हणून आमच्याकडचा शहाणा माणूस पहिल्या हाकेला गप्प, दुसरीलाही गप्प, तिसरीला ओ देतो. बाहेरगावचे मुन्सफ चिडायचे, की डोळ्यांसमोर बसलेला साक्षीदार तीन हाका होईतो ढिम्म हलत नाही. दिलावर त्यांना समजावी, "साहेब, जिता हाय म्हनूनच हलून नाही राह्यला."

आता त्या पटकीच्या सालाचं सांगतो. तीस सालाच्या आगंमागं झालं हे. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. नदी एक, पाणी एक, पटकीही एकच. कायदे मात्र दोन. अलीकडे नवा हुकूम निघाला होता. ज्या घरात पटकी त्याचं छप्पर जाळायचं, अंथरूण जाळायचं, घरच्यांना गावाबाहेरच्या झोपड्यांत ठेवायचं, आणि मयत घरच्यांच्या हाती न देता सरकारी माणसांनी चुना टाकून पुरायची. हिंदू असो की मुसलमान. ना आंघोळ, ना कफन, ना दोन शब्द. पलीकडे असं काहीच नव्हतं. मग लोकांनी काय केलं असेल ते सांगायला पंडित नको. पहिली उलटी झाली की माणसाला गाडीत घालायचं, वर कडबा टाकायचा, आणि कमी पाण्याच्या उतारावरून नदी पार करायची. मेला तर मोगलाईत मेला. इकडे कुणी विचारलं, "म्हातारा कुठी हाय?" तर "पाहुना गेला." त्या जेठात गावंच्या गावं पाहुणी गेली, आणि पाहुणे काही परत आले नाहीत.

ताजबीला एका बाळंतिणीच्या घरून पटकी लागली. ती दिलावरला म्हणाली, "मले चुन्यात नका टाकू देऊ." त्यानं तिला भर दुपारी कडब्याखाली घालून नेलं. पलीकडच्या काठावर एका आंब्याखाली ती गेली. अनोळखी बायांनी तिला आंघोळ घातली, अनोळखी माणसांनी खांदा दिला. दिलावर रिकामी गाडी घेऊन परत आला आणि गावाला म्हणाला, "शाहजादीची माय लेकीकडं गेली." दुसरं काय म्हणणार? सरकारी नोकरानंच हुकूम मोडला हे कळलं असतं तर नोकरी तर जातीच, वर तुरुंग होता. म्हणून त्यानं तिच्या नावानं फातिहा दिला नाही, चाळिसावा केला नाही. घरात एकट्यानं रडायचीही चोरी, कारण भिंतीपलीकडे शेजार. हे सगळं आम्हाला पुढे कळलं.

त्याआधी जे झालं ते ऐका. दिवाळीच्या सुमारास शिरपूरला माझी मेहुणी भंवरीबाई बाळंतपणात अडली. दिवस मावळतीला लागला होता, तिथली दाई हात टेकून बसली होती. तेवढ्यात ताजबी आत आली. दार वाजलं नाही, कुत्रं भुंकलं नाही. एरवी ती आल्या आल्या कढत पाणी मागायची, हात धुवायची; त्या दिवशी मागितलं नाही. भंवरीबाई म्हणते, तिचे हात नदीतल्या दगडासारखे गार होते. तिनं पोर सोडवलं, नाळ बांधली, आणि सुपातले गहू, नारळ, चोळीचं कापड, सगळा दाईचा मान तसाच ठेवून निघाली. सासू मागे धावली, "ताजबी, सूप तं घेऊन जाय!" अंगणात कुणी नव्हतं.

मी बापडा खुशीत दिलावरला सांगायला गेलो. म्हटलं, "वहिनी आल्या वाटते मानोऱ्याहून. शिरपूरले दिसल्या."

तो माझ्याजवळ आला. "कवा?"

"परवा."

"काही बोलली?"

"न्हाई म्हनतात."

आपल्या हातांकडे पाहत तो म्हणाला, "शेठ, थकली असंल थे." आणि निघून गेला. मला त्याचा चेहरा पाहून भीती वाटली, आणि का वाटली ते कळलं नाही. पुढे असंच आणखी दोन घरी झालं.

उन्हाळ्यात नागपूरच्या कौन्सिलची कमिटी आली. झालं होतं असं, की सरकारी आकड्यांत वऱ्हाडच्या काठाला पटकीनं जवळपास कुणी मेलंच नव्हतं, आणि मोगलाईच्या काठाला ढिगानं मेले होते. सरकार म्हणालं, हुकूम गुणकारी आहे, सगळ्या प्रांताला लावू. कौन्सिलातल्या काही मेंबरांना हे पचेना. नागपूरकडचा कायदा वऱ्हाडात आपोआप लागत नाही, वऱ्हाडचा तिकडे लागत नाही. मग इकडचा हुकूम तिकडे नेण्याआधी नीट तपासा, असा त्यांनी हट्ट धरला. हट्ट चांगला होता. म्हणून पाटील, दाया, तांड्यांचे नाईक यांच्या साक्षी घ्यायचं ठरलं. साक्षीदारांची नावं मात्र गेल्या सालच्या नोंदीवरून काढलेली.

साक्षी डाक बंगल्यात झाल्या. तिथल्या सतरंज्या माझ्या दुकानच्या, म्हणून मलाही कोपऱ्यात जागा मिळाली. बाहेर टळटळीत ऊन, दाराला वाळ्याचा ओला पडदा, व्हरांड्यात शंभरेक माणसं. नागपूरचा कारकून नाव सांगे, दिलावर दारात जाऊन पुकारा करी.

"इंद्रभान पाटील, हाजिर हो!"

"जी."

पहिल्याच हाकेला! आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणी पुढे आलं नाही. दिलावरनं आणखी दोनदा पुकारलं, दोन्ही वेळा तीच शांत "जी". इंद्रभान पाटील गेल्या जेठात पाहुणा गेला होता. व्हरांड्यातली माणसं एकमेकांना चिकटून बसली.

"रामसिंग नाईक, हाजिर हो!"

"जी."

हा आवाज तर अगदी पायरीजवळून आला. पायरीवर ऊन पडलं होतं, दुसरं काही नाही. एक म्हातारी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. अध्यक्ष वकील होते, वऱ्हाडचेच, पण शहरात मुरलेले. ते वैतागून म्हणाले, "ही काय थट्टा आहे? पुढचं नाव घ्या."

कारकून म्हणाला, "ताजबी दाई."

दिलावर हलला नाही. परगावच्या कारकुनाला काय माहीत? तो पुन्हा म्हणाला, "ऐकू नाही आलं? ताजबी दाई." दिलावर दारात गेला. त्यानं पडद्याची काठी घट्ट धरली. ज्या नावाला त्यानं आयुष्यभर ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते त्याला सगळ्या वाशीमला ऐकू जाईल असं ओरडायचं होतं.

"ताजबी, हाजिर हो!"

"जी."

माझी पोरं जन्मली तेव्हा आतल्या खोलीतून कढत पाणी मागणारा तोच आवाज. बाहेरच्या बायांनीही तो ओळखला.

दुसऱ्यांदा त्यानं हाक मारली ती हळू, घरात मारावी तशी. "ताजबी."

"जी." पडद्याच्या अगदी लगत.

तिसरी हाक त्यानं मारली नाही. तो टेबलाकडे वळला. "साहेब, थे माही बायको हाय. मयत झाली. पटकीनं."

"कुठे झाली?"

"पैनगंगेच्या पल्याड. मीच नेली. हे भाईर बसले त्यायनं बी आपापली मानसं नेली."

एक तरुण मेंबर उठलाच. "लिहून घ्या! आपण आलो कशासाठी?" पण अध्यक्षांनी हात वर केला. मोगलाईतला मृत्यू आपल्या अधिकारात येत नाही, म्हणाले. तो इथे लिहिता यायचा नाही. इथल्या नोंदीप्रमाणे बाई जिवंत आहे. गैरहजर लिहा.

"जिती हाय?" दिलावरनं विचारलं.

"कायद्यानं, हो."

मला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हात जोडून म्हणाला, "मंग साहेब, तुमीच सोडा तिले. साल होत आलं, भटकून राह्यली. मी किती मनात म्हनलं घरी चाल, पन माहं आयकत न्हाई. सरकारनं बलावली, सरकारनंच जाऊ द्यावं."

अध्यक्षांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यातून पाणी ठिबकत होतं, आणि वारा नसताना त्याचा एक काठ आत फुगला होता. त्यांनी घाम पुसला. मग खालच्या आवाजात, कचेरीत म्हणतात तसंच, ते म्हणाले, "साक्षीदाराला जायला मोकळीक आहे."

दिलावरनं पितळी बिल्ल्याचा पट्टा कमरेचा सोडला, टेबलावर ठेवला. त्यानं पडदा उचलून धरला आणि बाजूला सरकून उभा राहिला. व्हरांड्यातली माणसं आपसूक दोहीकडे सरली, मधे वाट झाली. आमच्याकडे नवरा पुढे चालतो आणि बायको चार पावलं मागे. दिलावर मात्र एक बाई सावकाश जाईल एवढा वेळ पडदा धरून थांबला, मग तिच्या मागून चालत घरी गेला.