टिपायचं, पुसायचं नाही

पनवेलच्या मे महिन्याशी उघड वैर धरलेलं माणूस जगात एकच, ती माझी धाकटी मावशी. नवऱ्या सजवणं हा तिचा धंदा. बाकीच्या ब्यूटिशियन उन्हाळ्यात एसी हॉलची कामं शोधतात, मावशी मुद्दाम उघड्या मंडपातली घेते. खाडीवरची दमट हवा मुहूर्ताआधीच नवरीचा मेकअप गळ्यापर्यंत उतरवते, हा तिला स्वतःचा अपमान वाटतो. तिचा मंत्र ठरलेला, घाम टिपायचा, पुसायचा नाही. पदर, रुमाल, नवरीच्या आत्याचा मायेचा हात, काहीही चेहऱ्याजवळ आलं की ती अंगावर धावून जाते. एका वरमाईला तर टिश्यूपेपर कसा धरायचा याची शिकवणी तिने मंगलाष्टकं चालू असताना दिली होती.

परीक्षा घ्यायची तिची रीतही जगावेगळी. लग्नाच्या आठवडाभर आधी ती नवरीला मेकअप करून भर दुपारी गच्चीवर पापडांशेजारी बसवते. पापड कडक होईपर्यंत काजळ जागेवर राहिलं तर नवरी पास. नवरी मिळाली नाही तर मी आहेच. पुरुषांना घाम जास्त येतो, त्यामुळे निकाल खात्रीचा, असं तिचं शास्त्र. एकदा डाव्या गालावर जाड फाउंडेशन आणि उजव्यावर बर्फ फिरवून अगदी पातळ हात, अशा अवतारात तिने मला कामोठ्याला दही आणायला पिटाळलं. रिक्षावाला बराच वेळ आरशातून बघत होता. शेवटी आदराने म्हणाला, "दादा, नाटक हाय का आज?" घरी आल्यावर मावशीने दह्याकडे ढुंकून पाहिलं नाही. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि पातळ थरच टिकतो असा निकाल देऊन टाकला.

गेल्या मे महिन्यात तिच्या एकुलत्या एका लेकीचं, सायलीचं लग्न पळस्प्याला निघालं. उघडा मंडप, भर दुपारचा मुहूर्त. आता मावशीची सगळी अब्रू त्या एका चेहऱ्यावर होती. नवरीला रडवेल त्याला जेवण नाही, अशी तिने आम्हा सगळ्यांना तंबीच दिली होती. आणि खरंच, सप्तपदी झाली, जेवणावळी उठल्या, भटजींचं उपरणं पिळून निघालं, पण सायलीची टिकलीसुद्धा हलली नाही.

पाठवणीला सगळे रडले, फोटोग्राफरही रडला. सायली तेवढी कोरडी ठणठणीत. मुलगी भलतीच धीट आहे, अशी सासरची मंडळी कुजबुजू लागली. मी शेजारीच होतो. तिने खालचा ओठ दाताखाली गच्च धरला होता. मावशी टिश्यू घेऊन पुढे आली तशी ती हळूच म्हणाली, "आई, टिकलाय ना गं?"

 मावशीने टिश्यू टाकून दिला, स्वतःच्या पैठणीचा पदर ओढला आणि मातीत खेळून आलेल्या पोरीचं तोंड पुसावं तसा तिचा चेहरा खसाखसा पुसून काढला. मग मात्र दोघी पोटभर रडल्या. मलाही रडू आवरलं नाही.

यंदा मावशीच्या गच्चीवर पापड कमी आहेत, खाणारी सासरी गेली. परवा मावशीचं कपाट आवरताना ती पैठणी हाताला लागली. पदरावर काजळाचा आणि फाउंडेशनचा मोठा डाग तसाच होता. ड्रायक्लीनला टाकू का, असं मी विचारलं. मावशीने साडी माझ्या हातातून घेतली आणि डाग आत राहील अशी घडी घातली.

"राहू दे," ती म्हणाली. "टिकलाय तर टिकू दे."